निर्धूर चूल आणि घरभर धूर: देवरुखकडच्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

चुलीला धुराडं आहे, जाळी आहे, दोन भांडी बसतात, गवंड्याने नीट घातलेली आहे आणि तरी जुलैमध्ये स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. ही तक्रार कोकणात पावसाळ्यात इतक्या घरांत ऐकू येते की लोक शेवटी "निर्धूर चूल म्हणजे नुसतं नाव" असं म्हणून मोकळे होतात. आमच्या काकीच्या घरी नेमकं काय बिघडलं होतं आणि ते कुठल्या क्रमाने सुटलं ते सगळं इथे लिहितोय, कारण यातली निम्मी कारणं चुलीत नव्हतीच.

आधी घर समजून घ्या. देवरुखपासून आत एका वाडीवरचं घर, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वी कौलारू होतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मागच्या बाजूची कौलं गेली, मग काकांनी स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांच्यावर पत्रे घातले, पत्र्याचा आवाज आणि उष्णता नको म्हणून खाली सीलिंग केलं, खिडक्यांना स्लायडिंग काचा लावल्या. गॅस आहेच, पण १४.२ किलोचा सिलिंडर चहा, फोडणी आणि सकाळच्या घाईला पुरवून पुरवून वापरायचा, आणि उकड्या तांदळाचा भात, पेज, कुळथाचं पिठलं, कोंबडी, पाहुणे आले की मोठी पातेली हे सगळं लाकडावर. घरचं जळण फुकट असताना सिलिंडर का जाळायचा हा काकीचा प्रश्न आहे आणि तो बरोबर आहे.

चूल मातीविटांची, दोन तोंडांची, पुण्याच्या आरती संस्थेने साचे करून गावोगाव पोचवलेली लक्ष्मी चूल असते ना साधारण त्याच घाटाची. पुढच्या तोंडातून लाकूड आत, खाली बिडाची जाळी, वर पहिलं भांडं, तिथून आगीची वाफ बोगद्यातून मागच्या वैलाखाली, म्हणजे दुसऱ्या भांड्याच्या तोंडाखाली, जाते आणि वैलामागून चार इंची सिमेंट पाइपमधून वर. निर्धूर चुली आपल्याकडे नवीन नाहीत, वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल स्वातंत्र्याच्या सुमाराची आणि सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमाराला सुरू होऊन २००२ ला बंद झाला, त्यात देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली घातल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच पुढे नीट चालल्या नाहीत आणि त्याची कारणं बघितली तर काकीच्या चुलीसारखीच निघतात. तोंड फोडून मोठं केलेलं, धुराडं तुंबलेलं, सारवून सारवून आतली मापं बदललेली.

लक्षणं अशी होती. पेटवताना दहा-पंधरा मिनिटं सगळा धूर तोंडातून बाहेर. पेटल्यावरही मध्येच भपकारा यायचा, विशेषतः वाऱ्याची झड आली की. वैलावर पाणी कोमट होण्याच्या पुढे जात नव्हतं. पाइपच्या जोडातून काळं चिकट पाणी भिंतीवर ओघळत होतं, त्याला असा आंबूस जळका वास की वहिनी म्हणाली आपण रंग दिला त्याला आग लावायची का. काकीचे डोळे लाल आणि रात्री खोकला. "अरे, चूल नवीन घातली आणि डोळे तेच राहिले," ती म्हणाली. आणि सगळ्यात गंमत म्हणजे मे महिन्यात हीच चूल बरी चालत होती, त्यामुळे चूल घालणाऱ्याला दोष देता येत नव्हता आणि तो स्वतः "जळण ओलं आहे" एवढं सांगून सुटला होता.

आता मुख्य गोष्ट. धुराडं धूर ओढतं ते फक्त आतली हवा गरम आणि हलकी असते म्हणून, दुसरं काही यंत्र त्यात नाही. गणित अगदी सोपं आहे, तीन मीटर उंच धुराडं, आतला वायू १५० अंशाचा, बाहेर २८ अंश, तर ओढ मिळते जेमतेम १० पास्कल. म्हणजे पाण्याच्या एक मिलिमीटर उंचीएवढा दाब. एवढीच आपली सगळी पुंजी. आणि आतला वायू ७० अंशांपर्यंत थंड झाला की ती निम्म्याच्याही खाली येते, ४ पास्कलच्या आसपास. चूल थंड असताना तर ओढ जवळजवळ शून्यच. आता या एक मिलिमीटरमधून पाइपचा प्रत्येक कोपरा थोडं खातो, काजळी थोडं खाते, टोपी थोडं खाते, वारा उलटा असेल तर तो खातो. मे महिन्यात वाळकं लाकूड, उघडी खिडकी आणि शांत हवा, त्यामुळे कसंबसं भागत होतं. पावसाळ्यात खर्च वाढला, जमा कमी झाली आणि धूर घरात.

हे डोक्यात ठेवून तपासायला लागलो आणि पहिली तपासणी उदबत्तीची. चूल थंड, उदबत्ती पेटवून चुलीच्या तोंडाशी धरली. धूर आत जायला पाहिजे होता, किमान सरळ वर. तो सरळ आमच्या अंगावर बाहेर यायला लागला, म्हणजे धुराड्यातून हवा खाली घरात येत होती! कारण वर भिंतीत गरगरत होतं, नवीन एक्झॉस्ट फॅन. धूर होतो म्हणून चुलत भावाने जूनमध्ये बसवलेला, आणि तेव्हापासून धूर वाढलाय हे काकी सांगत होती पण तिचं कोणी मनावर घेतलं नव्हतं. सीलिंग बंद, पत्रे बंद, काचा पावसामुळे बंद, दार लोटलेलं, अशा खोलीतून फॅन हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच पाहिजे आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे धुराडं. दहा पास्कलच्या ओढीला घरगुती फॅन आरामात हरवतो. फॅन बंद केला, खिडकी चार बोटं उघडली, उदबत्तीचा धूर हळूहळू आत वळला. भाऊ काही बोलला नाही, स्विच काढून टाकला.

इथे जरा थांबतो कारण हे कोकणातल्या खूप घरांत होतंय. जुन्या कौलारू घरात धुराडं नसतानाही चालायचं, धूर वर जाऊन कौलांच्या फटीतून निघून जायचा, वासे-रिपांना धुरी बसायची ती भुंग्या-वाळवीपासून फायद्याचीच, आणि चुलीवरच्या माळ्यावर जळण, सुकी मासळी, कांद्याच्या माळा आपोआप कोरड्या राहायच्या. डोळ्यांना त्रास तेव्हाही होताच, त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण पत्रे आणि सीलिंग आलं की ते घर हवा घेत नाही, सोडत नाही, आणि चूल मात्र जुन्याच सवयीची राहते. आणि नुसता धूरच नाही, बंद खोलीत निखारे फुलत राहिले तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही आणि धूरही दिसत नाही. रात्री चुलीत निखारे ठेवून खिडक्या बंद करून त्याच खोलीत झोपायचं नाही, हे मी काकांना दोनदा सांगितलं कारण ते पावसात तिथेच पथारी टाकतात.

दुसरी तपासणी जळणाची, इथे गवंड्याचं म्हणणं खरं निघालं, फक्त अर्धं. लाकूड अकेशियाचं, रस्त्याच्या कडेची झाडं मेमध्ये तोडली तेव्हाचं, सालीसकट मांडीएवढे ओंडके पागोळीखाली रचलेले. एक ओंडका फोडून मधला अर्ध्या किलोचा तुकडा किचनच्या काट्यावर मोजला, मग बारीक ढलप्या करून चुलीमागे भानवसाच्या उबेत सुकवत ठेवल्या, वजन उतरायचं थांबलं तेव्हा ३४० ग्रॅम. म्हणजे किलोमागे तीनशे ग्रॅमहून जास्त पाणी. आता लोकांना वाटतं की हे पाणी उडवण्यात सगळी उष्णता जाते, तसं नाही, हिशोब केला तर लाकडातल्या एकूण उष्णतेच्या दहा टक्क्यांच्या आतच ती जाते. खरा तोटा वेगळा आहे, पाण्यामुळे जाळ थंड राहतो, लाकडातून निघणारा वायू पेट न घेता तसाच धूर म्हणून जातो आणि धुराड्यात जाणारा वायू थंड म्हणून ओढही कमी. एकाच कारणाने धूर वाढतोय आणि तो ओढणारी ताकदही कमी होतेय.

भिंतीवरच्या काळ्या पाण्याचं उत्तरही त्यातच. सुकं लाकूड जळलं तरी त्यातल्या हायड्रोजनपासून पाणी तयार होतं, किलोमागे जवळजवळ अर्धा लिटर. त्यात ओलं लाकूड घातलं की एक किलो जळणामागे एकूण पाऊण लिटरच्या जवळपास पाणी वाफेच्या रूपात धुराड्यातून वर जातं. वर पाइप पावसात भिजून गार, तिथे वाफ धरते, धुरातलं डांबर सोबत घेऊन खाली ओघळते. आणि गवंड्याने पाइपच्या वाट्या, म्हणजे जोडाची रुंद टोकं, खाली तोंड करून बसवल्या होत्या, बाहेरचा पाऊस जोडातून आत जाऊ नये म्हणून. वरवर बरोबर वाटतं, पण आतून ओघळणारं पाणी मग प्रत्येक जोडातून बाहेर येणारच. वाटी वरच्या बाजूला आणि वरचा पाइप तिच्यात उतरलेला असला की ओघळ आतल्या आत खाली येतो आणि वैलामागच्या गरम जागेत सुकतो.

चुलीच्या आत हात घातला तर तिथेही करामती. तोंडाची वरची कड काकीने पहारीने फोडलेली, कारण ओंडके जात नव्हते. तोंड मोठं झालं की आगीच्या वरून गार हवा आत शिरते, ती जळायला कामाला येत नाही, नुसती धुराड्याला थंड करते. जाळीची भोकं राखेने आणि वितळून घट्ट झालेल्या कसल्याशा गोळ्याने बुजलेली (पेटवायला दुधाच्या पिशव्या टाकायची सवय, त्याबद्दल वहिनी आणि काकी दोघी एकमेकींकडे बघत होत्या). बोगदा प्रत्येक सणाला आतून सारवून इतका अरुंद झालेला की माझी मूठ जाईना. वैलाखाली एक छोटा उंचवटा असतो, आगीची वाफ भांड्याच्या बुडाला टेकवायला, तो काजळी खरवडताना निघून गेला होता, म्हणून वैल कोमट. दोन्ही तोंडांवर घरातली कुठलीही पातेली ठेवायची, सपाट बुडाची, लहान-मोठी, कडेने बोट जाईल एवढी फट. त्या फटीतूनही ओढ वाया जात होती आणि भपकारा आला की धूर तिथूनच.

मग छतावर. पावसाची उघडीप बघून भाऊ चढला, मी खाली. टोपी पाइपच्या तोंडावर जवळजवळ चिकटलेली, तारेने आवळून बांधलेली, मध्ये करंगळीएवढी फट आणि ती काजळीने भरलेली. वादळात जुनी टोपी उडून गेली होती म्हणून काकांनी नवी घट्ट बांधली, त्यांचं चुकलं असं नाही म्हणता येत. पण चार इंची पाइपला टोपीखाली किमान एक इंच मोकळी जागा लागतेच, तेव्हा कुठे बाहेर पडायची वाट पाइपच्या तोंडाएवढी होते, आणि काजळी धरणार हे गृहीत धरून दोन-अडीच इंच ठेवावी. दुसरं, पाइप पश्चिमेच्या उतारातून निघून जेमतेम फूटभर वर होता, आढ्याच्या बराच खाली. पावसाळी वारा येतो पश्चिम-नैऋत्येकडून, उतारावर आपटतो, तिथे दाब तयार होतो आणि तो पाइपच्या तोंडातून खाली लोटतो. झड आली की भपकारा का, ते इथे कळलं. परदेशात घरोघरी लाकडाचे स्टोव्ह असतात तिकडे साधा नियम पाळतात, धुराडं छतातून निघतं तिथून तीन फूट तरी वर आणि दहा फुटांच्या टप्प्यात जे काही उंच असेल त्याच्या दोन फूट वर. कोकणातल्या उतरत्या छपराला तो तसाच लागू पडतो.

तिसरं सगळ्यात वाईट. मध्ये सीलिंग आणि मांडणी वाचवायला पाइप भिंतीलगत चार फूट आडवा नेला होता, म्हणजे काटकोनाचे दोन कोपरे आणि आडव्यात काजळी साठायला आयती जागा. टकटक केल्यावर आडवा भाग भरीव वाजत होता. आणि सीलिंगच्या वर, जिथे कोणी बघत नाही, तिथे हाच पाइप एका जुन्या वाशाला टेकलेला, टेकला होता तिथलं लाकूड तपकिरी-काळं पडलेलं. साठलेली काजळी एखाद्या दिवशी आतच पेटली असती तर... त्या दिवशी चूल बंद ठेवली आणि सगळ्यांनी गॅसवरची खिचडी खाल्ली.

दुरुस्ती स्वस्त ते महाग या क्रमाने केली, कारण आधीच पाइप बदलला असता तर बाकीची कारणं झाकली गेली असती आणि पुढच्या पावसात परत बोंब. फॅन बंद आणि खिडकीची खालची काच चार बोटं उघडी, हे फुकट. जाळी काढून ठोकून साफ, राख रोज काढायची, हेही फुकट. जळणात शेजाऱ्यांकडून दोन वर्षांचं वाळलेलं ऐनाचं लाकूड उसनं आणलं, मनगटाएवढं फोडलं आणि तोंडात अर्ध्याच्या वर भरायचं नाही, वर ज्वाळेला आणि खाली हवेला जागा ठेवायची असं ठरलं. एवढ्यावर पेटल्यानंतरचा धूर स्पष्ट कमी झाला. भपकारे मात्र तसेच.

मग माती मळून चुलीचं तोंड पुन्हा मूळ मापाला आणलं, काकीची कुरकुर होती की आता ओंडका जाणार नाही, तर ओंडका जाऊच नये म्हणून तर ते. बोगदा खरवडून मोकळा केला, वैलाखालचा उंचवटा विटेचा तुकडा आणि माती घालून पुन्हा केला, पातेल्याच्या बुडापासून साधारण दोन बोटं खाली. रोजची दोन गोल बुडाची भांडी ठरवून त्यांच्या मापाने तोंडांच्या कडा घडवल्या. मोठं पातेलं चढवायचं तर त्यासाठी मागे अंगणात तीन दगडांची चूल आहेच, सगळी कामं एकाच चुलीला सांगायची कशाला. सारवायचं ते बाहेरून, आतून हात लावायचा नाही, ही अट मात्र दर सणाला मोडली जाणार हे मला दिसतंय.

पाइपचं काम शेवटी. आडवा भाग काढून टाकला, मांडणी दीड फूट सरकवली आणि पाइप सरळ वर घेतला, वाशाला चुकवायला एकाच जागी दोन सौम्य कोपरे, वाशापासून वीतभर अंतर आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. पाइप बाहेर आला तिथे पत्र्याची कॉलर, प्लास्टिक किंवा एम-सील काही नाही, ते वितळतं. वाट्या वर तोंड करून. आढ्याच्या दोन फूट वर पाइप, तारांचे तीन ताण, टोपी अडीच इंच वर आणि पायांवर घट्ट स्क्रू. वैलामागे तळाला एक वीट सैल ठेवली, तीच सफाईची खिडकी. जुने सिमेंट पाइप ॲस्बेस्टॉसचे असतात, ते कापायची वेळ आली तर कोरडे कापून धूळ उडवायची नाही, आम्ही ते कापलेच नाहीत, अख्खे वापरले आणि उरलेल्या उंचीला नवा पत्र्याचा तुकडा जोडला. तो काही वर्षांत गंजणार, डांबराचं पाणी आम्लधर्मी असतं, पण तोपर्यंत चालेल. सामान आणि मजुरी मिळून चार हजारांच्या आत भागलं, फॅन त्याहून थोडाच स्वस्त होता.

झडीच्या दिवशी परत पेटवून बघितलं. भपकारा नाही. वैलावर आंघोळीचं पाणी कढत झालं, भात मात्र वैलावर होत नाही आणि होईल अशी अपेक्षाही करू नये, वैल पाण्याला आणि आमटी गरम ठेवायलाच. सकाळी पहिल्यांदा पेटवताना थोडा धूर अजून होतो, कारण रात्रभर पावसात गार झालेल्या पाइपमध्ये जड हवा बसलेली असते. त्याला उपाय म्हणजे तळाची वीट काढून तिथे सुक्या झावळीची चुडती किंवा वर्तमानपत्राचा बोळा आधी जाळायचा, पाइप तापला आणि घों असा आवाज सुरू झाला की वीट लावून मग पुढे चूल पेटवायची. काकीला हे पटायला वेळ लागला, आता तिनेच शेजारणीला शिकवलंय. पेटवायला करवंटी आणि नारळाची सोडणं, दुधाच्या पिशव्या बंद. काजूच्या बियांची टरफलंही बंद, त्यात तेल असतं ते भडकून जळतं खरं पण त्याचा धूर डोळ्या-घशाला फार वाईट.

जळणाचं पुढच्या वर्षीचं गणित आत्ताच मांडावं लागतं. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी नुसतं तोडून उपयोग नाही, दिवाळीनंतर तोडून, फोडून, साल काढून, खालून विटांवर उचलून, बाजू उघड्या ठेवून आणि वर झाकण करून ठेवलं तर मेपर्यंत ते पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत वाळतं. तरी जुलैची हवा नव्वद टक्के दमट असताना लाकूड छपराखालीही परत ओल धरतं, वीस टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणून दोन दिवसांचं जळण चुलीशेजारी भिंतीला उभं करून ठेवायचं. शेजारी म्हणजे हातभर लांब, चुलीवर नाही, सीलिंग आहे आता वर.

चूल चालायला लागल्यावर काका म्हणाले की न्हाणीतल्या बंबाचा धूरही याच पाइपात सोडू, भिंत तर एकच आहे. त्याला मी नाही म्हटलं. चार इंची पाइप एका चुलीपुरता आहे, बंब आणि चूल एकदम पेटली तर दोन्हीची ओढ अर्धी, आणि एकच पेटलेली असेल तर दुसऱ्याच्या थंड तोंडातून हवा आत शिरून पाइप गार पडणार किंवा तिथून धूर न्हाणीत जाणार. बंबाला स्वतःचं वेगळं धुराडं, तेही आढ्याच्या वर. काकांनी पाइपचं माप लिहून घेतलंय, काम दिवाळीनंतर, पत्रे सुकले की.